राणीचे पाय आणि माझा दोरखंड

दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी आमच्या द्वारकेच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझी खुरं तासली जातात. नात समोर बसते, टॉवेल पसरते आणि म्हणते, "आजी, पाय." मी देते. त्या एका पायामागे पन्नास वर्षांचं शिक्षण आहे, हे तिला अजून खरं वाटत नाही.

लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. (त्यानंतर ज्ञान सारखं कमीच होत गेलं.) आमचे हे फौजेतून लवकर सुटून आलेले. दिल्लीबाहेर, जिथे तेव्हा फक्त मोहरीची शेतं होती, तिथे एका मालकाच्या तबेल्यावर यांना नोकरी लागली होती. तीन घोडे, एक खोली आणि तबेल्याला लागून चूल. साताऱ्याकडून आलेली मी त्या खोलीवर बेहद्द खूश होते.

त्या जानेवारीत चार दिवस पाऊस लागला आणि वर धुकं. हे सकाळ-संध्याकाळ आकडीनं घोड्यांच्या खुरातला चिखल उकरायचे, पाय पुसायचे, खाली कोरडं गवत घालायचे. पण खुरं तासून नाल ठोकणारा पानिपतचा नालबंद धुक्यामुळे दोनदा आलाच नव्हता. राणी नावाच्या घोडीची खुरं वाढली, ओलीनं मऊ पडली आणि ती लंगडायला लागली. मालकांनी निरोप धाडला, "इतवार को ग्यारह बजे आऊँगा. घोड़ी लंगड़ाती मिली तो दूसरी नौकरी देख लेना."

रविवारी सातलाच हे सायकलवरून नालबंदाला आणायला स्टेशनवर गेले. जाताना म्हणाले, "सुमन, तू तबेल्यात काही करू नकोस."

"मी काय करणार आहे?" मी म्हणाले, आणि तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पण गाडी धुक्यात अडकली म्हणून नालबंद करीमचाचा बसनं थेट दारात हजर. हे तिकडे रिकाम्या फलाटावर, इकडे चाचा कानस आणि सांडशी मांडून बसलेले. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, गुडघ्यावर चामड्याचं फडकं.

"रस्सी कुठे आहे?" मी विचारलं. मग हिंदीत, "चाचा, रस्सी?"

"रस्सी का क्या काम, बेटी?"

"गिरायेगा कैसे?"

"किसको?"

"घोड़ी को!"

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग राणीकडे. आमच्या गावी बैलाच्या खुराला लोखंडी पत्री ठोकायची तर आधी दोरखंडानं पाय आवळून त्याला आडवा पाडत. चार गडी लागत. माझे वडील त्यात पटाईत. तेव्हा उभ्या जनावराच्या पायाला हात लावणारा हा माणूस एकतर अडाणी किंवा थकलेला, असा मी निकाल दिला.

"बेटी, यह खड़े-खड़े पाँव देती है."

"आप बैठो. हमारे पिताजी का तरीका देखो."

आडाचा दोर आणला. फास राणीच्या पुढच्या पायात अडकवला. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. (वडील असं करत नसत. ही माझी स्वतःची भर.) मग टाचा चिखलात रोवल्या आणि सगळं बळ एकवटून ओढलं.

राणी गुणी घोडी. पायाला कुणी काही लावलं की पाय द्यायचा, एवढं तिला शिकवलेलं. तिनं अलगद पाय उचलून दिला. मी ओढत होते त्याला आता पलीकडून कुणी धरलेलंच नव्हतं. मी सरळ मागे, लिदीच्या ढिगात, उताणी.

"शाबाश," चाचा म्हणाले. मला नव्हे. त्यांनी तो पाय गुडघ्यांत धरला आणि तासायला सुरुवात केली. झाल्यावर राणीनं खूर खाली ठेवलं ते नेमकं दोरावर. मला उठता येईना.

"चाचा, मला सोडवा, छुड़ाओ!"

"पहले जिसका काम है, उसका," ते म्हणाले आणि दुसऱ्या पायाकडे वळले. राणी दोरावरून तसूभर हलली नाही.

चौथा पाय होत आला तेव्हा मालकांची जीप आली. मागे सायकल लादलेली, पुढे वाटेत उचललेले आमचे हे. त्यांनी मला बघितलं आणि अनोळखी असल्यासारखं आकाशाकडे पाहिलं.

"घोड़ी को चलाओ," मालक म्हणाले. यांनी दोर सोडला, राणीला फिरवलं. ठप ठप ठप, चारही पाय सारखे. मागून मी, कंबर धरून.

मालक म्हणाले, "घोड़ी तो ठीक है. मगर यह कौन लंगड़ा रही है?"

"मेरी बीवी है, साहब," हे म्हणाले. फौजी माणूस, जबानी खरी दिली.

नोकरी वाचली, खोली वाचली. चाचांनी राणीला गुळाचा खडा दिला, मग एक माझ्या हातावर ठेवला. "लो बेटी, तुम भी थक गई होगी."

पुढे माझे गुडघे गेले, वाकता येईना, तेव्हा हेच माझी नखं कापायचे. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यापर्यंत कापली. राणीशी बोलायचे त्याच आवाजात म्हणायचे, "पाय दे." आणि मी मुद्दाम विचारायची, "दोर आणला का?"

आता नात कापते. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "आजी, बैल को शूज? यार, सच्ची?"

असो. पाय मागितला की द्यायचा, हे मी अखेर शिकले आहे. राणीत आणि माझ्यात आता फरक एवढाच, की तिला नंतर गूळ मिळायचा. मला शुगर आहे.