माझ्या नावापुढे लिहिलेलं 'सोडला'

डॉक्टर शालिक मेश्राम गेल्याची बातमी मला वरोऱ्याच्या बसस्टँडवर कळली. ते सिरोंच्याला दात काढायच्या शिबिराला गेले होते. तिथंच भर दुपारी छातीत कळ आली आणि संपले. सांगणारा कंडक्टर त्याच बाजूच्या गाडीवरून आलेला. गालात तंबाखूचा खर्रा. बाजूला जाऊन पिंक टाकली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "तुमचे डॉक्टर गेले जी, गफूरभाऊ." मी त्याच्यावर खेकसलो, म्हटलं, अशी बातमी सांगताना तोंड तरी रिकामं ठेवत जा. त्याला काय माहीत, माझ्याही गालात तेव्हा तेच होतं.

शोकसभेत भाषणं झाली. 'गोरगरिबांचा डॉक्टर', 'निःस्वार्थ सेवा' वगैरे वगैरे. दवाखान्याची पायरी कधी न चढलेले लोक माईक सोडत नव्हते. डॉक्टरांनी आयुष्यात एक काम मनापासून केलं आणि ते वाया गेलं, हे कुणी बोललं नाही. माहीतच नव्हतं कुणाला. मला माहीत होतं, आणि मी मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बसलो होतो. स्मरणिकेच्या संपादकांनी चार ओळी मागितल्या, तेव्हा आधी नाहीच म्हणणार होतो. आता लिहायला बसलोय तर धड लिहितो.

मी त्यांच्या दवाखान्यातला मेकॅनिक, म्हणजे कवळ्या करणारा. डॉक्टर दाताचा साचा घेणार, मी मागच्या खोलीत गुलाबी अॅक्रिलिक घोळून कवळी शिजवणार. डॉक्टर त्यांच्या घराण्यातले पहिले शिकलेले. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, पोरगा दाताचा डॉक्टर झाला. शहरात खुर्ची टाकून बसले असते तर बंगला झाला असता, पण हा माणूस वरोऱ्यात बसला, आणि दर आठवड्याला माजरीच्या कोळसा खाणीवर जायला लागला. खाणीत खाली बिडी ओढता येत नाही. मग कामगार काय करणार? खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटायचा आणि गालात दाबायचा, पाळी संपेपर्यंत. डॉक्टरांच्या ध्यानात आलं की या लोकांची तोंडं मिटत चाललीत. गाल आतून पांढरे, चामड्यासारखे ताठ. जबडा उघडतच नाही. भाकरीचा घास जात नाही, मग पेज पिऊन जगायचं. मोठ्या शहरातले एक नामांकित प्राध्यापक तेव्हा म्हणत, हे तिखटानं होतं, विदर्भातले लोक मिरची फार खातात. डॉक्टर म्हणत, "मिरची तं माझी मायही खाते गफूरभाऊ, तिचं तोंड काऊन नाई मिटलं?" तिची बडबड तर अख्ख्या आळीला ऐकू यायची. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो त्या दिवशी.

मग त्यांनी ठरवलं, सिद्धच करायचं. माझ्याकडून अॅक्रिलिकची एक पाचर करून घेतली, पायऱ्यापायऱ्यांची. दातांच्या मधे सरकवायची, जिथं अडकली त्या पायरीवरून तोंड किती उघडतं ते समजतं. गुलाबी रंगामुळे खाणीवरले लोक तिला 'डॉक्टरची जीभ' म्हणत. दर महिन्याला त्याच माणसांचं माप घ्यायचं आणि विचारायचं, खर्रा खातोस की सोडला? हिशेब साधा होता. सोडणाऱ्याचं तोंड आहे तिथं थांबेल, खाणाऱ्याचं मिटत जाईल. नोंदवही उघडली आणि पहिलं नाव माझं घातलं, कारण माझा गाल तेव्हाच ताठरायला लागला होता. मी म्हटलं, सोडतो. पंधरा दिवस खरंच सोडला. त्यांना सांगितलं तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि स्वतः जाऊन चहा सांगून आले. सोळाव्या दिवशी मी पानठेल्यावर होतो.

त्यानंतर खरं बोलायला तोंडच उरलं नाही. दर महिन्याला ते विचारत आणि मी 'सोडला' म्हणत असे. अॅक्रिलिकच्या उग्र वासात माझ्या तोंडाचा वास कळायचा नाही. आणि मी काही एकटा नव्हतो. माजरीच्या शिबिराच्या खोलीमागे हातपंप होता. तिथं लोक रांगेत उभे राहून चुळा भरत, बोटानं दात घासत, आणि आत जाऊन सांगत, "सोडला जी." मी डोळ्यांनी पाहत होतो. नथ्थू म्हणून एक कामगार होता, त्याला एकदा बाजूला घेऊन विचारलं, काऊन खोटं बोलतोस रे? तो म्हणाला, "इतका चांगला मानूस आपल्यासाठी इतक्या दूर येते, त्याले नाई म्हनून वाईट काऊन वाटू द्याचं?" आमच्याकडचा हा शहाणपणा! भल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. डॉक्टर जर खडूस असते, शिव्या देत असते, तर लोकांनी खरं सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं.

तीन वर्षांचे आकडे झाले. डॉक्टर रोज दुपारी ते जुळवत बसत, पेन्सिलीनं, पुन्हा पुन्हा. 'सोडला' म्हणणाऱ्यांची तोंडंही खाणाऱ्यांइतकीच मिटत होती. दुसरा एखादा असता तर त्यानं आकडे थोडे इकडचे तिकडे केले असते, कोण पाहायला येतंय माजरीला? हे शहरातल्या परिषदेत गेले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि सांगून आले की माझा अंदाज चुकला, खर्रा सोडून फरक पडत नाही. प्राध्यापकांनी म्हणे पाठ थोपटली. थोपटणारच.

परत आले त्या दिवशी दवाखान्यातला बोर्ड काढायला स्टुलावर चढले. 'खर्रा सोडा, तोंड वाचवा' असं त्यावर मीच रंगवलं होतं. मी स्टूल धरून उभा.

"राहू द्या ना, डॉक्टर. कोनाचं काय बिघडून राह्यलं त्यानं?"

"जे खरं नाई ते भिंतीवर काऊन ठेवाचं, गफूरभाऊ?"

तेव्हा बोलायला हवं होतं. नुसतं 'मी खातो' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं... मी खिळे गोळा केले आणि डब्यात टाकले.

त्यानंतर डॉक्टरांनी कुणाला खर्रा सोड म्हणून सांगितलं नाही. गालात इंजेक्शनं देत, दात काढत, कवळ्या बसवत. नोंदवह्या बांधून माळ्यावर गेल्या. नथ्थूला पुढे गालाचा कॅन्सर झाला. शेवटी शेवटी त्याच्या तोंडात चमचाही जात नव्हता, बायको कापसानं पाणी पिळायची. तो डॉक्टरांना हात जोडत असे, आणि डॉक्टर मला म्हणत, "याच्यासाठी काई सापडलं असतं तं बरं झालं असतं." सापडलं होतं हो, डॉक्टर. तुम्हाला बरोबर सापडलं होतं.

मागच्या आठवड्यात मेश्रामबाईंनी, डॉक्टरांच्या पत्नीनं, बोलावून घेतलं. शाळेत शिकवतात त्या. माळ्यावरच्या वह्या खाली काढून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, एक नवीन पोरगी डॉक्टर झाली आहे, तिला यांचं काम पाहायचंय, देऊ का? मला राहवलं नाही. पंपावरच्या चुळांपासून सगळं सांगितलं. माझंही सांगितलं. बाई वह्यांवरची धूळ पुसत राहिल्या. मला वाटलं, रडतील नाहीतर हाकलून देतील, आणि हाकलून दिलं असतं तर बरंच होतं.

मग म्हणाल्या, "माजरीवाले खोटं बोलतात हे त्याइले माहीत होतं, भाऊ. तंबाखूचा वास येते म्हनत. ते सारे आकडे त्याइनं बाजूले काढून ठेवले होते. फक्त तुमचा एक धरला. म्हनत, गफूर दिवसभर माझ्यासमोर असते, तो काई मले फसवनार नाई, आन् सोडूनही त्याचं तोंड मिटून राह्यलं, म्हन्जे माझंच चुकलं."

त्यांनी पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं, पेन्सिल माझ्यापुढे सरकवली आणि त्या शाळेत निघून गेल्या. छत्तीस महिन्यांपुढे छत्तीस वेळा 'सोडला' लिहिलेलं होतं, डॉक्टरांच्या अक्षरात. मी एकेक ओळ खोडून तिथं 'खात होता' लिहीत गेलो. बाई शाळेतून परत आल्या तेव्हा मी अजून दुसऱ्याच वर्षात होतो.