उजेडाचे जाणकार

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ खराडीला आयटीत आहेत आणि कॅमेरा घेतल्यापासून उजेडाचे जाणकार आहेत. दर रविवारी पहाटे ते खडकवासल्याला जाऊन सूर्य नीट उगवतोय ना, हे तपासून येतात. जिन्यात भेटले की नमस्काराच्या आधी म्हणतात, "अहो, खिडकीकडे वळा जरा. हं, आता चेहऱ्यात काहीतरी आहे."

त्यांच्या घरात मात्र दिवसभर जाड पडदे ओढलेले असतात. का, तर स्क्रीनवर फोटोंचे रंग खरे दिसावेत! त्यामुळे त्यांच्या आई तांदूळ निवडायला आमच्या गॅलरीत येऊन बसतात.

एकदा ते आईंकडे किल्ली मागायला आले. गळ्यात कॅमेरा होताच. दारातच थबकले. "आई, हलू नकोस! काय प्रकाश आहे!" वीस-पंचवीस फोटो काढले आणि किल्ली विसरून निघून गेले. त्यातला एक मोठा करून त्यांनी हॉलमध्ये लावलाय. फोटो सुंदर आहे, हे मलाही नाइलाजाने मान्य आहे.

परवा आईंना विचारलं, "आवडला का फोटो?"

तांदळातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "चांगलाच असेल हो. पण बघायचा तर दिवा लावावा लागतो, आणि दिव्यात त्याचे रंग बिघडतात म्हणे."