मी गाळलेली म्हातारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, शाळेत नाही, देवापुढेही नाही — देवाला ठाऊक असेलच, अशी सोयीची समजूत करून घेऊन मी नमस्कार ठोकून बाहेर पडत आलो. सांगायला बसलो की मी भलतंच काहीतरी सांगू लागतो. आताही तसं होईल. जरा धीर धरा. फिरत फिरत का होईना, मी तिथे पोहोचणार आहे.

मी रत्नागिरीत मराठी शिकवणारा मास्तर. पंचविशीत असताना माझ्याकडे विलायती सायकल होती, आणि सायकलवाला मास्तर म्हणजे त्या काळी गावात एक प्रकरणच होतं. नाताळची सुट्टी लागली की मागे वळकटी बांधायची, खिशात पंक्चरसाठी रबराचे तुकडे आणि सोल्यूशनची नळी टाकायची, आणि निघायचं. घाई कसलीच नाही. जयगडपर्यंत सड्यावरून, उघड्या कातळाच्या माळावरून, तिथे होडीत सायकल आडवी घालून खाडी ओलांडायची, मग हेदवी, मग गुहागर. गुहागरला ओहोटी लागली की ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. तिच्यावरून हात सोडून सायकल मारण्यात जे सुख आहे ते मला पुढे कशातच मिळालं नाही. पुढे दाभोळची खाडी, कोळथरे, बुरोंडी, हर्णे. वाटेत एखादं जुनं देऊळ लागलं की तास-दोन तास मुक्काम. किल्ल्याचा पडका दरवाजा दिसला की त्याच्या सावलीत बसून टिपणं काढायची.

त्या टिपणांचे लेख मी एका साप्ताहिकात लिहीत असे. तुम्ही कधी आपलं नाव छापलेलं पाहिलंय? पहिल्यांदा पाहिलं की माणूस थोडा बिघडतो. मी जरा जास्तच बिघडलो.

माझ्या लेखांत मी सदैव एकटा असे, आणि वाट सदैव सुनसान. खरं सांगू? कोकणातल्या वाटेवर माणसाला एकटं कुणी राहूच देत नाही. कुठले, कुणाचे, लग्न झालं का, जेवलात का — दर वळणावर उलटतपासणी! हे सगळं मी गाळून टाकायचो. गाळलं की लेख हलका व्हायचा, आणि लोक म्हणायचे, मास्तरांची लेखणी काय हळुवार आहे. चहा गाळावा तशी मी माणसं गाळत होतो, आणि त्याला कला म्हणत होतो.

तर — तो उतार.

बुरोंडीच्या अलीकडे एका वाडीवर उतरणारी वाट आहे, सगळी जांभ्याची, सुट्या खड्यांची. मी ऐटीत निघालो होतो. वळणावर ब्रेक दाबले, सायकल एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. गुडघा फुटला, पुढचं चाक वाकडं झालं. समोरच एक कौलारू घर होतं. अंगणात जुनी होडी उलटी घालून ठेवलेली आणि तिच्या सावलीत कोंबड्या. ओट्यावर एक म्हातारी सुकी मासळी निवडत बसली होती. माझी फजिती तिने पहिल्यापासून पाहिली होती. मी उठून उसनं हसलो.

“मेल्या, ढोपार फुटलाय न् हसतोस काय? बस हय,” ती म्हणाली, आणि आत वळून ओरडली, “गो भागे, हळद तापव जरा.”

भागीरथी तिची सून. वीसेक वर्षांची असेल. तिने हळदीची वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि ती आत गेली. हळद म्हातारीने लावली. मासळीने खरखरीत झालेल्या बोटांनी, अशी दाबून, की मी ओरडलो. “येवढा बाप्या, न् रडतोस!” म्हणून तिने मला आणखी दोन शिव्या घातल्या. माझी अर्धी विजार तिला मुळीच पसंत नव्हती. मी दोन दगडांत धरून चाक सरळ करेपर्यंत ती बोलतच होती — मुलगा मुंबईला गिरणीत आहे, शिमग्याला येतो, सून गुणाची आहे पण तोंडातून शब्द काढील तर शपथ. ते खरंच होतं. सुनेने पेज आणून ठेवली, आणि त्या सबंध दुपारी ती माझ्याशी एकच वाक्य बोलली: “मीठ हवा काय?” निघताना म्हातारीने बजावलं, परत येशील तेव्हा नीट कपडे घालून ये.

झालं एवढंच. यात काय लिहायचं?

म्हणजे आज मला वाटतं की हेच लिहायचं होतं. तेव्हा वाटलं, सुक्या मासळीचा वास आणि म्हातारीच्या शिव्या — लेखाचा विचका होईल. म्हणून मी म्हातारी गाळली. ती गेली, घर रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या घरात सून एकटी उरली. मी लिहिलं: घरात दुसरं कुणीच नव्हतं. मी लिहिलं: धनी दूर मुंबईस. लिहिलं, की त्या लाजऱ्या स्त्रीने खाली मान घालून माझ्या गुडघ्यावर हळद लावली आणि तिच्या बोटांचा गारवा मला हर्णे येईपर्यंत जाणवत होता. म्हातारीची बोटं काढून मी तिथे सुनेची बोटं लावली — एवढी सोपी गोष्ट होती ती! होडी मात्र ठेवली. होडी आणि कोंबड्या फार छान दिसत होत्या.

लेख संपादकांकडे पडून राहिला आणि दिवाळीच्या अंकात छापून आला. मधल्या आषाढात ती म्हातारी वारली होती. मला कुठलं ठाऊक असायला!

लेख गाजला. शिक्षकांच्या खोलीत कुणी ना कुणी रोज विचारी, “काय मास्तर, ढोपर बरं झालं का?” आणि मी हसायचो. एका हसण्यात मी त्या बाईबद्दल काय काय बोललो होतो?

पुढे मला कळलं ते असं: तिकडे मुंबईत त्यांच्या गावच्या मंडळींच्या खोलीत कुणीतरी तो अंक मोठ्याने वाचला. भागीरथीचा नवराही ऐकत होता, सगळ्यांबरोबर हसत होता — उलटी होडी येईपर्यंत. आई आषाढात गेलेली, लेख दिवाळीचा. त्याने जो हिशेब केला तो त्याच्या जागी तुम्हीही केला असता. शिमग्याला तो गावी आला तेव्हा बायकोने सांगितलं, तो मनुष्य आला त्या दिवशी आई घरात होती. त्याने विचारलं, मग छापलंय ते खोटं? छापलेलं खोटं असू शकतं हे त्याला कसं कळावं? ते फक्त मला माहीत होतं. पालखीही न पाहता त्याने तिला हर्ण्याला तिच्या भावाच्या दारात नेऊन सोडलं.

चैत्रात ती दोघं बोटीने रत्नागिरीला आली, ती आणि तिचा भाऊ सखाराम. ‘सायकलवाले मास्तर’ विचारत विचारत माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. सखारामने कंबरेच्या कापडातून तो अंक काढला. घडीवर फाटत आलेला. दोघांनाही वाचता येत नव्हतं. गावच्या शाळामास्तरांनी बाईमाणसासमोर वाचणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि बाकीचे नुसते हसत होते. आपल्यावर काय लिहिलंय ते त्या बाईला सहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं! ती भांडायला आली नव्हती. ती म्हणाली, “मास्तर, काय लिवलाव ता वाचून दाखवा.”

आता पोहोचलो. इथवर जे सांगितलं ते हलगर्जीपणात, तरुणपणात घालता येईल — मीही इतकी वर्षं घालत आलो. पण हे पुढचं कशात घालू?

मी वाचू लागलो. दाराआड माझी बायको उभी होती, नव्यानेच सासरी आलेली. वाट वाचली, उतार वाचला, होडी वाचली. भागीरथी होडीच्या नावाला किंचित हसली. आणि मग ती ओळ आली. ‘घरात दुसरं कुणीच नव्हतं’ — ही मी वाचली नाही. ‘तिच्या बोटांचा गारवा’ — तेही नाही. नजर छापलेल्या कागदावर ठेवून मी तोंडाने म्हटलं, “त्या घरच्या माणसांनी मला हळद लावली, पेज दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.” अडखळलोसुद्धा नाही. मास्तरकीचा एवढा उपयोग मला दुसरा कधी झाला नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “येवढाच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

“मंग ह्यात वायट काय हाय, मास्तर?”

मी म्हणालो, काही नाही.

तिने भावाकडे पाहिलं. त्या क्षणी तिच्या तोंडावर जे उतरलं ते मी पाहिलं. म्हणजे कागदात काहीच नव्हतं. म्हणजे नवऱ्याला मीच नकोशी झाले होते. इतके दिवस तिने जी आशा धरली होती — काहीतरी गैरसमज आहे, तो निघेल — ती माझ्या अंगणात, माझ्या तोंडच्या शब्दांनी मेली. सखाराम तरी म्हणाला, “तुमी येक वळ लिवा, मास्तर. म्हातारी घरात होती म्हनून. येवढाच.” मी म्हटलं, लिहितो. पुढच्याच अंकात लिहितो. जाताना भागीरथीने आमसुलांची पुडी ओट्याच्या कडेवर ठेवली. सासूने गेल्या साली वाळवलेली, म्हणाली. ती आमसुलं आमच्या आमटीत महिनाभर पुरली.

ती ओळ मी लिहिली नाही. लिहायची तर मास्तर खोटं लिहितो असं लिहावं लागलं असतं. शाळेत, घरात, साप्ताहिकाच्या वाचकांत! दोन वर्षांनी लेखांचं पुस्तक निघालं. तेव्हा तरी तो लेख काढता आला असता. पण तोच सगळ्यांना आवडलेला. मी ठेवला. मुद्रितं तपासताना ‘लाजऱ्या’ खोडून ‘सलज्ज’ केलं, तेवढंच काय ते सुधारायचं राहिलं होतं माझं. भागीरथीच्या नवऱ्याने तोवर दुसरं लग्न केलं होतं.

चार-पाच वर्षांनी हर्ण्याला गेलो होतो. सायकल हातात धरून संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघत उभा होतो, तर सखाराम भेटला. त्यानेच मला ओळखलं. भागीरथी दोन पावसाळ्यांमागे तापाने गेली, म्हणाला. मासळी वाळवायची, कुणाशी बोलायची नाही. “तुमचा नाव चांगलाच घ्यायची,” तो म्हणाला. “मास्तरान चांगलाच लिवला होता, म्हनायची. माज्याच नशिबात नव्हता.” त्याने मला आग्रहाने चहा पाजला. तेव्हा तरी सांगायचं होतं. तो समोर बसला होता, कपबशी हातात होती, आणि मी विचारलं — सुरमई काय भावाने गेली?

मी सायकल पुढेही बरीच वर्षं चालवली. लोकांना वाटतं तसं अशा माणसाचं काही थांबत नाही. लिहिणं मात्र सोडलं. त्याचंही लोकांनी कौतुकच केलं, मास्तर निरिच्छ आहेत म्हणून.

त्या दोघांनी एक ओळ मागितली होती. ती ओळ अशी: त्या दुपारी भागीरथीची सासू घरात होती, ओट्यावर मासळी निवडत बसली होती, आणि माझ्या गुडघ्याला हळद तिने लावली.