मावशी सीरियस आहे

आमची मावशी मांजर होती. हे कबूल करायची हिंमत बाबांना मरेपर्यंत झाली नाही.

आज त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, तर मीच सांगून टाकते. त्यांच्या कामावरच्या गँगमधल्या काकांची मुलं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. तुमच्या घरून आमच्याकडे जेवण आलं होतं.

सॉरी.

गोष्ट भिलाईचा प्लांट उभा राहत होता तेव्हाची. बाबा भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून आलेले, साइटवर रिगर. दिवसभर लोखंडी गर्डर वर चढवायचे.

तिथे एक रशियन इंजिनिअर होता. बाबांना रशियनमधला एकच शब्द यायचा, 'हराशो'. म्हणजे छान. साहेब काहीही बोलला की बाबा म्हणायचे हराशो.

रशियाला परत जाताना साहेबाने त्यांना काहीतरी लांबलचक विचारलं.

बाबा म्हणाले, हराशो.

संध्याकाळी बाबा मांजर घेऊन घरी आले.

तिचं नाव माशा. आई म्हणाली, "घरात माशा कमी हायेत का?" आणि तिची मावशी करून टाकली.

बाबांना ती डोळ्यासमोर नको असायची. सायकलच्या सीटवर झोपते, धुतलेल्या शर्टावर केस पाडते. "या बयेनं वीट आणला," हे दिवसातून दहा वेळा. ती मात्र झोपायची त्यांच्याच पोटावर. बाबा तिला हाकलायचे नाहीत, फक्त बडबड करायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. एका सकाळी मावशी दूध प्यायली, आणि दहा वाजेपर्यंत तोंडाला फेस. मागचे पाय फरफटत होती. मी रडून क्वार्टर डोक्यावर घेतलं. शेजारचे काका ड्युटीला निघाले होते. आई धावत बाहेर गेली.

"हिच्या बाबाले निरोप द्या, मावशीची तब्येत लय बिघडली."

काकांनी गेटवर सांगितलं. गेटवरच्याने आणखी कोणाला तरी. बाबांपर्यंत पोचलं ते 'मावशी सीरियस'.

फोरमन म्हणाला, "तेरी मौसी सीरियस है, भाग. मशीन मैं देखता हूँ."

बाबांची खरी मावशी तुमसरला. तिनेच त्यांना वाढवलेलं. बाबा अशी सायकल हाणत आले की दारात नीट उभंही राहता येईना.

"कवा आली? कुठं हाय ते?"

आईने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं.

"हे? ह्या मांजरीसाठी मले वरून उतरवलं? सारी गँग तिकडे देवाले हात जोडून उभी हाय वो."

"मंग काय सांगू? तिचं नावच मावशी हाय."

"मांजर म्हणता नाही येत?"

"तुमी आले असते का मांजर म्हटलं असतं तर?"

मावशी बाबांच्या बुटांवर ओकली. त्यांनी बुटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"झोला दे," म्हणाले.

झोल्यात मावशी, झोला माझ्या मांडीवर, मी कॅरिअरवर. आम्ही दुर्गच्या ढोर दवाखान्यात निघालो. वाटभर बाबांचं तोंड सुरू होतं. "कावून खाल्लं तुनं काहीबाही? घरी खायले नव्हतं का? बोल ना आता."

मला बाबांचा भयंकर राग आला. ती मरायला टेकली होती आणि हा माणूस तिला झापून राहिला होता.

तिथे रांगेत बैल, म्हशी. कंपाउंडरने झोल्यात डोकावून विचारलं, "बिलई ला लाने हस?" मांजर आणली म्हणून लोक हसले. बाबा हसले नाहीत. डॉक्टरही आधी वैतागले. मग त्यांनी बैलाच्या औषधाचे थेंब मोजून पाजले. म्हणाले, विषारी उंदीर खाल्लेला दिसतो, उशीर झाला.

परतताना सुपेला गावाजवळ झोला एकदम जड वाटला.

मी सांगायच्या आधीच बाबांनी सायकल थांबवली. झोल्यात हात घातला आणि बराच वेळ आतच ठेवला.

क्वार्टरमागे त्यांनी खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले नाहीत. पाय दुखतात म्हणाले.

झालं. गँगने काय समजायचं ते समजून घेतलं.

शिफ्ट सुटल्यावर फोरमनसकट दहाबारा जण दारात. बायकांच्या हातात भात, बेसन. मयताच्या घरी चूल पेटत नाही ना. आमच्याकडे खरंच पेटली नव्हती, मी आणि आई दोघीही बाबांवर रुसलो होतो.

फोरमनने विचारलं, "कब हुआ?"

"कल शाम को."

"यहीं, घर पे?"

"रास्ते में. दुर्ग से ला रहा था."

बाबा एक अक्षर खोटं बोलले नाहीत.

एका काकूंनी मला जवळ घेऊन विचारलं, "कोणत्या गावच्या होत्या वो मावशी?" मी "रशि..." म्हणाले आणि आईने असा चिमटा काढला की मी भोकाडच पसरलं. काकूंचेही डोळे भरून आले.

मग कोणीतरी बाबांना म्हणालं, "लय जीव होता का तुमचा?"

"नाही. लय तरास दिला तिनं," बाबा म्हणाले.

आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

दिवाळीत खरी मावशी तुमसरहून आली. बाबांनी तिला चार दिवस घराबाहेर पडू दिलं नाही.

शेवटच्या आजारपणात बाबांनी आम्हाला अगदी जेरीस आणलं. गोळ्या थुंकायचे, नर्सशी भांडायचे, सलाइन उपसायचे. मीही उशाशी बसून त्यांना सतत झापत होते. भाऊ म्हणाला, ताई, आता तरी गोड बोल. मला जमलं नाही. पण माझा हात त्यांच्या पांघरुणात होता.

त्यांना कळलं असेल. त्यांचीच पद्धत होती.

मावशीला आणि बाबांना, दोघांनाही मनापासून श्रद्धांजली.

बाबा, लय तरास दिला तुमी.