दाजींचं पुढचं वाक्य

पेणपासून रोह्यापर्यंत कुठंही दोन माणसं हमरीतुमरीवर आलेली असोत, तिथून आमचे दाजी नुसते चालत गेले तरी भांडण मोडलंच म्हणून समजा. मी वाढवून सांगत नाही. बरं, थोडं सांगतोय, पण मेहुण्याला तेवढा हक्क असतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार जोहे, धंदा गणपतीच्या मूर्ती रंगवण्याचा, आणि गावच्या नाटकात कायमचा राजाचा हुजऱ्या. भाद्रपदात अख्खं गाव गिऱ्हाइकांच्या मूर्ती पोचवण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे आमची खरी हौस फिटते ती पुढच्या पंधरवड्यात, साखरचौथीच्या गणपतीला. त्याच्यापुढे हे नाटक. नाटक तेच, राजा मात्र दरवर्षी नवा. राजाचं काम कोणी कोणी केलं ते आज कोणाला सांगता येणार नाही, पण हुजऱ्या विचारा. रोह्याच्या कंपनीत माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, तिथंही मला ओळखत ते ‘हुजऱ्याचा मेहुणा’ म्हणून. सुपरवायझर झालो तेव्हासुद्धा मला तेवढं भारी वाटलं नव्हतं.

दाजींनी जन्मात कधी वाक्य पाठ केलं नाही. ते काम माझं. शिफ्ट बदलून मी पेणची गाडी पकडायचो आणि वही घेऊन विंगेत बसायचो. ऐन रंगात राजाला हातानं थांबवून दाजी विंगेशी येत आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारत, “मेव्हण्या, पुढचं काय रे?” मी हळूच सांगे. मग ते लोकांकडे वळून म्हणत, “रोह्याचा मानूस हाय. जेवताना आवाज मोठा, सांगताना बारीक.” मांडव हसून लोळायचा. एका वर्षी राजाची मिशी गळून सिंहासनाखाली गेली, तर दाजींनी ती उचलून अदबीनं पुढं केली. “महाराज, राज्य गेलं तरी चालंल, ही सांभाळा.” माझी तर खात्री आहे की निम्म्या वेळा त्यांना वाक्य येत असे, नुसती मला बोलणी खायला लावायची हौस.

हसायची नाही ती एकटी ताई. पहिल्या रांगेत बसायची, पण चेहरा असा की दहावीच्या परीक्षेवर देखरेखीला आली आहे. दाजी म्हणत, “अख्खा तालुका हसवला, घरातली एक बाई तेवढी ऱ्हायली.” त्यावर ताई म्हणे, “मी पन हसत बसले तर चूल कोन पेटवील?”

आता मला सांगा, विसरण्यावरच ज्याचं नाव झालं, तो माणूस खरंच विसरायला लागला तर कळणार कसं? दाजी पेणच्या बाजारात ओळखीच्या दुकानदाराला “आपन कोन?” विचारत, आणि तो पोट धरून हसे. एसटीत बसून कंडक्टरला म्हणत, “मना कुठं उतरायचं हाय?” सगळी गाडी खूश. मीही खूश. रोह्याला परत येऊन चहावर रंगवून सांगायचो, दाजींनी आज काय कमाल केली. मग एके दिवशी पेणच्या रामवाडीला रिक्षावाल्यांना त्यांनी विचारलं, जोह्याला कसं जायचं? रिक्षावाल्यांनी टाळ्या दिल्या, चहा पाजला, आणखी एकदा करून दाखवा म्हणाले. दाजींनी पुन्हा विचारलं. पुन्हा टाळ्या. ताई शोधत आली तेव्हा ते उन्हात तसेच उभे होते. म्हणाले, “ही लोकं रस्ता सांगत नाय गो, नुसती हसतात.”

पेणच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. तपासताना त्यांनी विचारलं, आज वार कोणता? दाजी म्हणाले, “दवाखाना उघडून बसलाव आनि वार माहीत नाय?” डॉक्टर तोंड फिरवून हसले. मला त्याही वेळी अभिमान वाटला, काय करणार.

त्या वर्षी साखरचौथ आली तशी दाजींनी आपणहून हुजऱ्याची पगडी मागितली. ताईचा जीव टांगणीला लागला. मला म्हणाली, “आजवर लोकं त्यांच्या बोलन्याला हसली. आता त्यांना हसतील. ते मना बघवनार नाय.” पण पगडी काढून घ्यायचं धाडस तिच्यात नव्हतं, माझ्यात तर नव्हतंच. मग ती घरोघर जाऊन बजावून आली, “त्यांचं काय चुकलं तर कोनी हसायचं नाय.”

गावानं तिचा शब्द पाळला. राजानं हालहवाल विचारली. मी विंगेतून वाक्य दिलं, “महाराज, तुमी झोपला होता तवर राज्य झकास चाललं होतं.” दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माझी ओळख नव्हती. तरी पाय सवयीनं विंगेशी आले. “तुमी कोन? जरा मोठ्यानं सांगा की.” याच जागी मांडव लोळायचा. आज एक माणूस हसला नाही. मायेनं सगळे दात आवळून बसलेले. दाजी पुढं आले, रांगांवरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा उतरला. पगडी चाचपत हलक्या आवाजात म्हणाले, “कोन गेलं काय गावात?”

आणि ताई हसली. आयुष्यभराचं साठवलेलं, पदर तोंडाला लावूनही आवरेना असं हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसू खरं होतं, मी बहीण ओळखतो. तिच्यामागं सगळा मांडव सुटला. दाजी ताठ झाले, राजाकडे वळले, आणि वाक्य आलं, अगदी जसंच्या तसं. वर पदरचं एक जोडलं, “पन महाराज, राज्यात अशी हसनारी बाई हाय, ते मना कोनी सांगितलं नाय.” टाळ्या थांबेनात. माझ्या हातातली वही कधी खाली पडली मला कळलं नाही.

घरी जाताना ताई पिशवी घेऊन चार पावलं पुढं होती. दाजी माझ्या हाताला धरून चालले होते. तिच्या पाठीकडे बघत त्यांनी विचारलं, “ती बाई उद्याच्या खेळाला येल काय?”

उद्या खेळ नव्हता. मी म्हटलं, “येईल, दाजी.”

“मग उद्या वाक्य जरा मोठ्यानं सांग,” ते म्हणाले. “चुकायला नको.”