गडबची कलिंगडवाली

पेणजवळच्या गडब गावात हायवेच्या कडेला रंभाचं कलिंगडाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर हिरवी जाळी आणि खाली पेंढ्यावर रचलेली कलिंगडं. भात कापून झालं की तिचा नवरा पोपट त्याच शेतात कलिंगड लावायचा आणि शिमग्याच्या आधीपासून रंभा विकायला बसायची. वीसेक वर्षं हेच चाललं होतं.

रंभाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. गाडी थांबली की सुरी चालायची आणि सुरीबरोबर जीभ. "लघवीला जळजळ होतेय? हे खा. अंगात उष्णता हाय? हे खा. किडनी धुऊन काढतं बघा, ताई!" गिऱ्हाइकाला ती सालसुद्धा फेकू द्यायची नाही, तिचं काय करायचं ते सांगायची. वरची हिरवी पाठ सोलायची, खालचा पांढरा भाग चिरायचा आणि मूठभर वालाच्या डाळिंब्या टाकून भाजी करायची. उरला तर किसून तांदळाच्या पिठात कालवायचा, मिरची-मीठ घालून घावन काढायचे. बिया धुऊन उन्हात टाकायच्या नि मिठात भाजायच्या. मुंबईच्या बायका मोबाइलात लिहून घ्यायच्या. पेणची एक मास्तरीणबाई तर दर शनिवारी नवीन काय ते विचारायला मुद्दाम थांबायची. रंभा चौथी शिकलेली, पण त्या जाळीखाली तिला कुणी अडाणी समजलं नाही.

पोपटला साखर होती, बीपीही होतं. गोळी आठवली तर घ्यायचा. माघात त्याच्या पायांना सूज चढली. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. लघवी कमी झाली, जेवण जाईना. किडनीवर आलंय, हे रंभाच्या ध्यानात आलं. औषध तर आपल्याच शेतात पिकतंय, मग डॉक्टर कशाला? ती सकाळ-संध्याकाळ तांब्याभर कलिंगडाचा रस त्याच्या हातात देऊ लागली. वरून बियांचा काढा.

"पोट टम्म झालंय गो. नको," पोपट म्हणायचा.

"गुपचूप प्या. जगाला मी सांगते, नि घरचंच माणूस ऐकत नाय!"

तो प्यायचा.

बाराव्या दिवशी तो बांधावर बसला, तो उठेचना. हातापायांत जोर नाही, जीभ जड. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून त्याला पेणला नेलं. त्यांची मुलगी किमया रोह्याला कंपनीत होती आणि तिथंच जवळ वरसे गावात खोली घेऊन राहायची. ती शिफ्ट सोडून धावत आली. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आठवडाभर काय खायला-प्यायला देत होता यांना?"

"कलिंगडाचा रस. दोन टाइम," रंभा म्हणाली. "एक दिवस चुकवला नाय."

बाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "मावशी, धडधाकट माणसाला कलिंगड चांगलंच. पण यांच्या किडन्या साखरेनं आणि बीपीनं कधीच्या निकामी होत आल्यात. अशा माणसाच्या अंगातून पाणी बाहेर पडत नाही, आणि कलिंगडातलं पोटॅशियमही नाही. ते रक्तात साठलं. हृदय बंद पडायच्या बेतात होतं."

बाई पुढेही बोलत होत्या. रंभाला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं.

मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दिवसाला अर्धा लिटर पाणी, तेही मोजून. कलिंगड, शहाळं, केळं बंद. चैत्राचं ऊन तापलं होतं आणि शेतात माल पिकला होता. रंभा दुकानात बसायची, पण आता नुसतं कापून द्यायची. पोपटला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून त्याची खाट जाळीखाली टाकली होती. लोक त्याच्यासमोर फोडी खायचे. तो तोंड वळवून ट्रक बघत राहायचा.

एका दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. "एक फोड दे गो रंभे. नुसती चोखतो."

"नाय."

"घसा चिकटलाय माझा."

"नाय म्हणते ना!" ती अशी ओरडली की कलिंगड निवडणारी बाई हातातलं खाली ठेवून गाडीत जाऊन बसली. रंभाने पदर भिजवला, पिळला आणि त्याच्या ओठांवरून फिरवला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

वैशाखात त्याचं हृदय थकलं. मशीन लावलं की बीपी खाली यायचं, अर्ध्यावर थांबवावं लागायचं. अखेर डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना बाजूला घेतलं. "आता मशीनही सोसत नाही त्यांना. घरी न्या. मागतील ते द्या."

दुसऱ्या दिवशी रंभा शेतात गेली. वेल सुकत आले होते. चार-पाच कलिंगडं उरली होती. एकेक टिचकी मारून तिने त्यातलं चांगलं निवडलं, घरी येऊन कापलं, मधला लालभडक गर काढला, बी न् बी वेचली आणि बारीक फोड पोपटच्या तोंडात ठेवली. त्याने ती कितीतरी वेळ जिभेवर घोळवली. रस हनुवटीवरून ओघळला.

"गोड हाय ना?" तिने विचारलं.

"लोखंड चाटल्यावानी लागतंय," तो म्हणाला. "थुकू?"

तिने ओंजळ पुढे केली.

पाचव्या दिवशी सकाळी पोपट गेला.

त्याचा भाऊ कान्हू तिला समजवायचा, "वयनी, साखरेनं खाल्लं त्याला. तुझा काय दोष?" किमयाने फाईल उघडून तीन-तीनदा वाचून दाखवली. "आये, हे बघ, आजार जुनाच होता. लिहिलंय इथं." रंभा मान हलवायची. कागदात काहीही लिहिलेलं असो. नको म्हणणाऱ्या माणसाला बारा दिवस कुणी पाजलं, ते तिला ठाऊक होतं.

पावसाळ्याआधी किमया तिला वरशाला घेऊन गेली. तिथे दुसऱ्या मजल्यावर ती दिवसभर बसून असते. शेजारणी चांगल्या आहेत. भाजी निवडता निवडता विचारतात, "मावशी, गावाला काय करायचात?"

"भातशेती होती," ती सांगते आणि आत जाते.