वांगी भाजेपर्यंत

लोटन बिऱ्हाडे एस.टी.त कंडक्टर होता आणि त्याचा आवाज असा, की जळगाव स्टँडवर त्याने "यावल, यावल, यावल!" म्हणून हाक दिली की चोपड्याला निघालेली माणसंसुद्धा घटकाभर विचारात पडत. पिंप्राळ्यात त्याचं घर. घरात तो पाणी मागायचा तेव्हा शेजारीण तांब्या घेऊन यायची, असं त्याची बायको कलाबाई सांगायची. ती थोडं वाढवून सांगायची, पण फार नाही.

असा हा माणूस सुट्टीच्या दिवशी लोकांना गप्प बसवायला सातपुड्याच्या पायथ्याशी घेऊन जायचा. गल्लीला हसायला एवढं पुरेसं होतं.

त्याचं असं झालं. ऐंशीच्या सुमाराला त्याला एका पाड्याची मुक्कामी गाडी लागली. संध्याकाळी गाडी तिथे जायची आणि सकाळी परत निघायची. ड्रायव्हर उन्हं अंगावर येईपर्यंत उठत नसे. लोटनभाऊ पहाटेच उठून नाल्याकाठी जाई आणि गाडी निघायची वाट बघत बसे. पहिले काही दिवस तो नुसता कंटाळला. एकदा मात्र पाण्याकडे बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की आपल्या डोक्यात दिवसभर कुणीतरी तिकिटं फाडत असतं आणि आत्ता ते थांबलंय. विहारात भन्ते श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत, तेव्हा त्याला शेजारची पिठाची गिरणीच ऐकू यायची. इथे श्वास आपणहून ऐकू आला.

पुढच्या सुट्टीत त्याने कलाबाईला नेलं. ती बसली, थोडी रडली, का रडली ते तिने सांगितलं नाही, आणि उठताना म्हणाली, "पुढच्या वेळी वांगी आणू. एवढ्या कपाशीच्या काड्या पडल्यात, भरीत करू."

हा तिचाच हातगुण. नुसतं गप्प बसायला कोण येणार? भरताला मात्र पिंप्राळ्यातलं कुणीही येतं. हिवाळा आला की एकेक कुटुंब लोटनभाऊबरोबर जाऊ लागलं. कायदे त्याचे एस.टी.चेच. स्टीलच्या पेल्यावर चमच्याने एक टोला दिला की थांबा, म्हणजे तोंड बंद. दोन टोले दिले की चला. आधी प्रत्येकाने नाल्याकाठी वेगवेगळं बसायचं, एकमेकांकडे नाही, पाण्याकडे बघत. मग काड्यांचा जाळ करून वांगी भाजायची, तीही न बोलता. वांगी भाजली की दोन टोले. छगन शिंप्याच्या घरात नवरा-बायकोचं भांडण गल्लीला घड्याळासारखं उपयोगी पडायचं. ते दोघं दोनदा जाऊन आले आणि गल्लीला घड्याळ विकत घ्यावं लागलं.

ज्याच्या शेताला लागून नाला होता तो करमसिंग पावरा मात्र या प्रकाराला सुरुवातीपासून हसत होता. "लोटनभाऊ, तुमच्या जळगावात गप्प बसायला जागा नाही का रे?" असं विचारून तो आपला ट्रान्झिस्टर मोठा करायचा. भरताचा पहिला वाटा द्यायचं कबूल केल्यावरच तो बंद व्हायचा.

अशात भागाबाई तायडे लोटनभाऊच्या ओट्यावर येऊन बसली. मागच्याच गल्लीत राहायची. नवरा झिपरू जाऊन दोन वर्षं झाली होती. मोठा मुलगा मोतीलाल रेल्वेत, धाकटा आधार एका दुकानात. दोघं एका घरात राहत, एका चुलीचं खात आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नसत.

"मी तं टपालवाली व्हई गऊ, भाऊ," भागाबाई म्हणाली. "मोठा म्हनतो, आई, त्याला सांग नळ आला. तो समोरच बसेल ऱ्हास. मी सांगते. धाकटा म्हनतो, आई, त्याला सांग ऐकलं. तेबी मीच सांगते."

कलाबाईला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला.

"हसा, अक्का, हसा. मीबी हसे पहिले. आते पारोळ्याचं स्थळ आलं आधारसाठी. पोरगी चांगली शे, माणसं चांगली शे. बोलणीला कोण येतं म्हणून विचारतस. बाप नही, मंग मोठा भाऊच पाहिजे. मोतीलाल म्हनतो, ज्याने बापाच्या वेळी माझी वाट नाही पाहिली, त्याच्या लग्नात माझं काय काम?"

गोष्ट गल्लीला माहीत होती. झिपरू गेला तो मे महिन्यात, सकाळी. मोतीलाल तेव्हा कामावर इगतपुरीला. निरोप गेला होता, तो निघालाही होता. पण जळगावचं ऊन. चार वडीलधारी माणसं म्हणाली, ठेवू नका. आधार तेव्हा नुकता विशीत आलेला, तो काय बोलणार? मोतीलाल पोहोचला तेव्हा चितेवर राख होती. जलदानाच्या दिवशी दोघं शेजारी बसून त्रिशरण म्हणाले, तेवढं शेवटचं एकत्र.

"तुमच्या नाल्यावर ली चला," भागाबाई म्हणाली. "एक शब्द, भाऊ. एकच बोलला ना त्याच्याशी, पुढचं मी पाहते."

लोटनभाऊने छाती पुढे काढून कबूल केलं. भागाबाई गेल्यावर कलाबाई म्हणाली, "तुम्हाला काही कळतं का? जे दोन वर्षं बोलत नाहीत, त्यांना तुम्ही गप्प बसवायला नेताय?"

 हे लोटनभाऊच्या ध्यानातच आलं नव्हतं. भुकेल्याला उपवासाचं औषध द्यावं तसं झालं. पण कंडक्टर माणूस, एकदा तिकीट फाडलं म्हणजे फाडलं.

ठरलेल्या दिवशी सगळे निघाले. भरताची हिरवी, तांब्याएवढी वांगी कलाबाईच्या पिशवीत. तीन माणसांच्या बाकावर मोतीलाल खिडकीशी, आधार कडेला आणि मधे भागाबाई. ही तिची नेहमीची जागा. यावल येईपर्यंत तिने चार निरोप पोहोचवले. त्यातला एक होता, "त्याला सांग, पाय माझ्या पिशवीवर ठेवू नको."

पाड्यावर करमसिंगने ट्रान्झिस्टर बंद केला. मोतीलालला आणि आधारला वरपासून खालपर्यंत बघून तो लोटनभाऊला म्हणाला, "हे दोघं तर आधीच गप्प आहेत. यांना आणायचं भाडं कशाला घालवलं?"

"तू वाटा घे आणि बस," लोटनभाऊ म्हणाला आणि पेल्यावर एक टोला दिला.

मोतीलाल नाल्याच्या वरच्या अंगाला मोठ्या दगडावर बसला. आधार खाली, जांभळाच्या मुळाशी. भागाबाई मधेच, पण पाठ दोघांकडे. पाणी फार नव्हतं. दगडांवरून सावकाश येत होतं, एका ठिकाणी अडत होतं, वळसा घेऊन पुढे जात होतं. एक खंड्या तारेसारखा सरळ गेला. पलीकडे करमसिंगच्या शेतात चमेलीबाई, त्याची बायको, तूर तोडत होती, तिच्या बांगड्या मधूनच वाजत. लोटनभाऊचं मात्र त्या दिवशी पाण्याकडे लक्ष नव्हतं. तो एका डोळ्याने वरचा भाऊ बघायचा आणि एका डोळ्याने खालचा. घरी न बोलताना दोघांचे जबडे आवळलेले असत. इथे मोतीलालचा जबडा हळूहळू सुटला. आधारने चप्पल काढून पाय पाण्यात सोडले. घरात ते एकमेकांविरुद्ध गप्प असत. इथे ते नुसते गप्प होते. फरक आहे, असं लोटनभाऊला वाटलं. पण फरकाने पारोळ्याची बोलणी होत नाहीत, हेही त्याला वाटलं.

मग जाळाची वेळ आली. लोटनभाऊने हाताने खूण करून दोघांना काम लावून दिलं. कपाशीच्या काड्यांचा जाळ मोठा लहरी. भसकन उठतो आणि बघता बघता बसतो. एकाने सतत काड्या सारायच्या आणि दुसऱ्याने वांगी फिरवायची, एकट्याचं ते कामच नाही. मोतीलालने लांब काठी घेतली. आधारने काड्यांचा भारा ओढला.

अडचण लगेच आली. जाळ बसला. मोतीलालने सवयीने आईकडे बघितलं, म्हणजे तिने पुढे सांगावं. भागाबाईने तोंडावर बोट ठेवलं आणि आभाळाकडे बघितलं. टपाल बंद. मोतीलाल थोडा वेळ विझत्या जाळाकडे बघत राहिला. मग त्याने काठीचं टोक आधारच्या दिशेने वर केलं. आधारने काड्या सारल्या. जाळ फार झाला. मोतीलालने तळहात खाली दाबला. आधारने दोन काड्या मागे ओढल्या. पुढे पुढे त्याला खूणही लागेना. मोतीलाल वांगं फिरवायला वाकला की काडी पडायची.

लोटनभाऊने कलाबाईला कोपर मारलं. कलाबाईने त्याला परत मारलं, जरा जोरात.

आणि तेवढ्यात धाडकन आवाज झाला. सगळ्यात मोठं वांगं फुटलं. अर्धा गर जाळात गेला, उरलेला लोटनभाऊच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि थोडा करमसिंगच्या ट्रान्झिस्टरवर.

"टोचलं नव्हतंस का रे?" मोतीलाल ओरडला. सरळ आधारकडे बघून.

"मला वाटलं तू टोचलंस!"

"मी कधी टोचलंय? आपल्याकडे टोचायचं काम..."

तो थांबला. वांगी जाळात घालायच्या आधी सुरीने टोचून, तेलाचा हात फिरवायचं काम त्यांच्या घरी झिपरूचं होतं. तो गेल्यापासून त्या घरात भरीत झालंच नव्हतं.

"बाबांचं," आधार म्हणाला.

लोटनभाऊचा हात सवयीने ओठावर जाऊ लागला, कारण वांगी अजून भाजली नव्हती आणि कायदा म्हणजे कायदा. कलाबाईने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि पेल्यावर दोन टोले दिले. चला.

जाळ बसत चालला होता. कुणी काडी सारली नाही.

"मी म्हटलं होतं त्या वडीलधाऱ्यांना, भाऊ येतोय," आधार म्हणाला. "दोनदा म्हटलं. मग ते म्हणाले, तू लहान आहेस, तुला काय कळतं. मी बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या. त्या वितळल्या. तू येशील म्हणून मी शेवटपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. खांदा द्यायला मला तिथून ओढून आणलं."

मोतीलाल काठीने राख उकरत होता. "हे कधी बोलला नाहीस."

"तू ऐकणार होतास?"

"नव्हतो," मोतीलाल म्हणाला. त्याने एक वांगं काठीने बाहेर ओढलं, देठाशी दाबून बघितलं, बाप बघायचा तसं. "हे झालं. दुसरं अजून कच्चं आहे. काड्या टाक."

आधारने काड्या टाकल्या. त्याचे डोळे धुराने लाल झाले होते, असं आपण म्हणू.

लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचून भरीत झालं. करमसिंगने वाट्याबरोबर ट्रान्झिस्टर पुसायला फडकंही मागितलं. "लोटनभाऊ," तो म्हणाला, "आज गप्पवाल्यांनीच जास्त आवाज केला."

लोटनभाऊ भागाबाईजवळ सरकला. "अक्का, वांगी जाळात घालताना तुम्ही तर तिथेच होता. टोचलेली नाहीत, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसनं ना," भागाबाई भाकरीचा घास मोडत म्हणाली. "पन बोलानं नही, आसं तूच सांगेल व्हतं ना, भाऊ?"

परतीच्या गाडीत भागाबाई घाईने चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. "माले वारा पाहिजे." मग मोतीलालला मधे बसावं लागलं आणि आधारला त्याच्या शेजारी. दोघांच्या मधे दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी नव्हतं, त्यामुळे दोघंही अंग चोरून, दुसऱ्याच्या बाकावर बसल्यासारखे बसले होते. मागच्या बाकावरून लोटनभाऊ बघत होता. त्याच्या सदऱ्यावरचा डाग वाळला होता.

यावल गेलं. मोतीलाल खाकरला.

"आई, त्याला विचार, पारोळ्याची माणसं कोणत्या दिवशी या म्हणतात."

भागाबाईने डोळे मिटले होते. "मी जपी गऊ," ती म्हणाली, आणि मान खिडकीला टेकवली.

मोतीलालने आईकडे बघितलं. मग पुढच्या बाकाच्या दांडीकडे बघितलं. मग तो सावकाश दुसऱ्या बाजूला वळला.

"आधार," तो म्हणाला, "पारोळ्याला कधी जायचं?"